मिंडलच्या घराची चौकट

मी एक चौकट. दाराची. भिंतीला कान असतात म्हणे. असतीलही, पण भिंतीला ऐकू येतं ते अर्धंमुर्धं. येणाऱ्याचा पहिला शब्द आणि जाणाऱ्याचा शेवटचा, हे दोन्ही माझ्या वाट्याला येतात. वय शंभराच्या पुढे, एका अंगाला थोडी कललेली, आणि स्वभावानं तिरसट म्हणाल तर तेही खरं आहे. जन्मभर लोकांनी दार आपटलं तर तुमचाही स्वभाव बिघडेल.

माझं गाव ओल्शिन, पोलिश मुलखातलं. चौकातल्या हातपंपापासून निघणाऱ्या गल्लीतलं सातवं घर. गाव संपलं की बटाट्याची शेतं, शेतं संपली की जंगल. त्या जंगलाच्या रस्त्यानं गावातलं कुणी जात नाही. अळंबी वेचायलासुद्धा लोक नदीपलीकडचं रान गाठतात, दुप्पट चालतात. कारण विचाराल तर म्हणतील, इकडची अळंबी कडू लागते.

मी त्याच जंगलातली. पाइनचं सरळसोट खोड होतं माझं. तोडलं, चिरलं, दोन हिवाळे वाळवलं, मग सुतारानं जुळवलं. माझी भावंडं अजून तिथेच उभी आहेत. वारा त्या बाजूनं आला की मला कळतं, आज ती गप्प आहेत की नाहीत.

मला इथे आणली हेर्शनं. हेर्श ज्यू, पिसांचा व्यापारी. खेडोपाडी हिंडून बदकांची पिसं घ्यायची, घरी निवडायची, उशा-दुलयांसाठी विकायची. घरभर पिसं. केसांत पिसं, पांघरुणात पिसं, सूपच्या वाडग्यात पिसं. त्याची बायको खावा-लेआ म्हणायची, "आमच्याकडे आधी फुंकर मारायची आणि मग प्रार्थना म्हणायची, नाहीतर पीस गिळूनच देवापुढे जाल!"

मला बसवल्याबरोबर हेर्शनं माझ्या उजव्या खांबात, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांब तिरकी खाच कोरून घेतली. तिच्यात देवाची वचनं लिहिलेल्या कातड्याची बारीक गुंडाळी ठेवली आणि वर पत्र्याची पट्टी ठोकली. ज्यूंच्या प्रत्येक दाराला ही असते, तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोट टेकवायचं आणि ते बोट ओठांना लावायचं. त्या दिवसापासून या घरात मला मान मिळायला लागला. खोटं कशाला सांगू, मला तो आवडायचा.

घरात दोन मुलं. थोरला लाइबिश, आणि त्याच्याहून बारा वर्षांनी लहान मिंडल. मिंडलचा हात खाचेपर्यंत पोचायचा नाही. लाइबिश तिला काखेत धरून उचलायचा, पण त्याच्या हातात तेवढा जोर कुठला! तिची नुसती करंगळी टेकायची. मग तिला तेच बरोबर वाटायला लागलं. तिचं बघून लाइबिशही करंगळीच टेकवायला लागला, आणि बाप ओरडायचा, "देवाला काय चिमटा काढताय का रे?"

लढाई सुरू झाली तेव्हा लाइबिश पंधरा वर्षांचा होता. मामाबरोबर नदी ओलांडून तो रशियाच्या बाजूला निघून गेला. "दोन महिन्यांत येतो," म्हणाला. त्यानंतर मिंडल पिसांचं पोतं ओढत आणायची, त्यावर चढायची आणि करंगळी टेकवायची. येणाऱ्यानं पायात पोतं का, म्हणून विचारलं तर सांगायची, "दादा येईपर्यंतच आहे."

मग बेचाळीसचा ऑक्टोबर आला. त्या सकाळचं मी फार बोलणार नाही. गल्लीत जर्मन शिपाई होते, कुत्री होती. समोर राहणारी धोबीण स्तेफानिया मळक्या चादरी न्यायला आली होती. खावा-लेआनं सहा वर्षांची पोर चादरींच्या गाठोड्यात बांधली आणि तिच्या पाठीवर दिली. स्तेफानिया वाकून माझ्याखालून गेली आणि गाठोडं हललं नाही. हेर्श आणि खावा-लेआ सगळ्यांबरोबर जंगलाच्या रस्त्यानं गेले. जाताना दोघांनी माझ्यावर बोटं टेकवली, रोजच्यासारखी. दुपारी चर्चची घंटा झाली. घंटा थांबली तरी त्या बाजूनं आवाज बराच वेळ येत राहिले.

स्तेफानियाला मूलबाळ नव्हतं. तिनं गावात सांगितलं, ही माझ्या बहिणीची मुलगी, हिचं नाव गेनोवेफा, म्हणजे गेनिया. आणि पोरीला सांगितलं, "मिंडल म्हणून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मी मारली तरी नाही."

आणि ती मारायची! पोर पाण्याची बादली उचलत असताना पाठीमागून एकदम, "मिंडल!" पोरीनं मान वळवली की थोबाडीत. कितीतरी आठवडे हे चाललं होतं, समोरच्या घरातून मला ऐकू यायचं. एके दिवशी हाक आली आणि थोबाडीत मारल्याचा आवाज आला नाही. नंतर स्तेफानियाचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं.

त्या हिवाळ्यात रिकामी घरं ज्यानं त्यानं धरली. स्तेफानियाचं छप्पर गळत होतं. ती इकडे राहायला आली. म्हणजे मिंडल स्वतःच्याच घरी आली, दुसऱ्याची मुलगी होऊन. माझ्याखालून आत गेली तेव्हा तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. शहाणी पोर. स्तेफानियानं सुरीनं पट्टी उचकटली, गुंडाळी चुलीत घातली, खाचेत लांबीचा लगदा भरला आणि सगळ्यावर हिरवा रंग फासला.

पण तो रंग कधी टिकला नाही. दर हिवाळ्यात त्या बोटभर जागेवर तो खचतो. आणि ऑक्टोबरात, त्या एका दिवशी, खाचेच्या कडेनं राळ पाझरते. शंभर वर्षं वाळलेल्या लाकडात ओल कुठली असणार? मला विचाराल तर मलाही सांगता येत नाही. पाझरते खरी.

शेहेचाळीस साली लाइबिश आला. अंगावर कुणाचातरी ढगळ लष्करी कोट, गाल बसलेले. आधी त्यानं रंगावरूनच ती जागा चाचपली आणि करंगळी टेकवली. मग दार वाजवलं.

स्तेफानियानं दार उघडलं. आत चुलीमागे दहा वर्षांची गेनिया उभी होती.

"आई-बाबांचं मला कळलंय," तो म्हणाला. "पण मिंडल? मिंडल कुठंय?"

"कुणी उरलं नाही रे," स्तेफानिया म्हणाली.

त्यानं मान आत घातली आणि एकदाच, अगदी हळू हाक मारली, "मिंडल?"

चुलीमागे पोरीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. कुणी तिला धरलं नव्हतं. लाइबिश वाट बघत थांबला, मग पायऱ्या उतरून गेला. मी ओरडले. म्हणजे काय, करकरले. चौकटीला ओरडायला दुसरं येतं काय? स्तेफानियानं पोरीवरच्या जिवापायी हे केलं, की घरासाठी, की भीतीनं, याचा निवाडा मी करत नाही. ते सगळं तिच्या एकाच पदराला बांधलेलं होतं.

पुढे वर्षं गेली. स्तेफानिया गेली. गेनियानं ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं, तिला बोझेना झाली, नवरा वारला. ताकास तूर लागू दिली नाही तिनं, पोटच्या मुलीलासुद्धा. रविवारी चर्चला, शनिवारी पायरी धुवायची, सगळं चारचौघींसारखं. फक्त बाहेरून एकटी घरी आली की रंग उडालाय का बघितल्यासारखं करायची आणि माझ्या खांबाला करंगळी लावायची. नंतर ती करंगळी पदरात लपवल्यासारखी एप्रनमध्ये धरायची.

आणि घरात पिसं यायची. बदक पाळून कुणाला पन्नास वर्षं झाली असतील, तरी दार उघडलं की जमिनीच्या फळ्यांमधून एखादं पांढरं पीस वर यायचं आणि माझ्याखालून तरंगत बाहेर जायचं. बोझेना केरसुणी आपटायची. "कुठून येतं ग आई हे?" गेनिया म्हणायची, "जुनं घर आहे." सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये गेनिया न्यूमोनियानं आडवी झाली. पाद्री शेवटचं तेल लावून गेला. तीन आठवडे ती ना इकडे ना तिकडे. त्या तीन आठवड्यांत एवढी पिसं आली की बोझेनानं झाडणं सोडून दिलं. मग एका सकाळी गेनिया उठून बसली आणि तिनं सूप मागितलं.

याच सुमाराला बसगाड्या यायला लागल्या. परदेशातली तरुण ज्यू मुलं, आपल्या पणज्या-पणजोबांची गावं बघायला. चौकात उतरतात तेव्हा खिदळत असतात. त्यात वाईट काही नाही, सतराव्या वर्षी नाही हसायचं तर कधी? आपापल्या डब्यातला पाव खातात, कारण इथलं त्यांना चालत नाही. कुणाचा बूट चावतो, कुणाचं कुणाशी बिनसलेलं असतं. मग जंगलात जातात, दगडाच्या स्मारकापाशी मेलेल्यांची नावं वाचतात. परत येतात तेव्हा ज्यांचं बिनसलेलं असतं तीच दोघं हात धरून चालत असतात.

निघताना त्यांचे मास्तर डोकी मोजत नाहीत. ज्यू लोक माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत, अशुभ मानतात. आणि या गावात त्यांना एकदा मोजून झालेलंच आहे. म्हणून मास्तर चौकात हजेरी घेतात. एक नाव, एक ओ. ती मला इथे स्पष्ट ऐकू येते. त्यांतली काही पोरं गल्लीत शिरतात, जुन्या चौकटींवर खाचा शोधतात, माझ्याही अंगावर न विचारता बोट फिरवतात. बोझेना पडद्यामागून बघत म्हणते, "आज फोटो काढतायत, उद्या वकील पाठवतील." गेनिया बटाट्यांची टोपली पुढे ओढते. बस आली त्या दिवशी घरात बटाटे मात्र गरजेपेक्षा जास्त सोलले जातात.

दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात, त्याच तारखेला, अँटवर्पहून एक बस आली. सकाळपासून माझी राळ पाझरत होती. वारा जंगलाकडून होता आणि माझी भावंडं गप्प नव्हती.

साडेअकराला दार वाजलं. बोझेनानं वीतभर उघडलं. पायरीवर जाड भिंगांचा चष्मा लावलेले मास्तर, रूव्हेन सर, आणि मागे दोन मुली. सरांना पोलिश यायचं, पण पुस्तकातलं.

"क्षमा करा बाई. या मुलीचे पणजोबा या घरात जन्मले. आम्हाला घर नको. फक्त बघावयाचे आहे."

"बघायचंय काय त्यात? हे दार, ही चौकट. बाहेरूनच बघा. आई आजारी आहे."

आई कसली आजारी! चुलीपाशी बसून बटाटे सोलत होती. सरांनी मुलींना सांगितलं, "पाच मिनिटं. मग हजेरी. बाराला जंगलात पोचायचंय." आणि ते चौकाकडे गेले. बोझेना दार वीतभर उघडं ठेवून मागेच उभी राहिली, पाळत ठेवायला.

दोघींपैकी एक उंच, तोंडाळ, ओडेलिया नावाची. दुसरी ठेंगणी, हातात घडी केलेला कागद. दोघी आपल्या भाषेत बोलायला लागल्या. इतक्या बस पाहिल्यात मी, ती भाषा मला आता कळते.

"काय आजीबाई, सापडलं का घर एकदाचं?" ओडेलिया म्हणाली.

"आजीबाई म्हणू नकोस ग."

"मग काय म्हणू? अख्ख्या शाळेत नोआ, याएल, तालिया, आणि तू मिंडल! मिंडल नावाच्या बाईला जन्मतःच कवळी असते."

माझं लाकूड गार पडलं. बहात्तर वर्षांत ते नाव या गल्लीत कुणी असं मोकळ्यानं घेतलं नव्हतं. आत सालं पडायची थांबली.

"पणजोबांच्या बहिणीचं नाव आहे," ठेंगणी म्हणाली. "ती इथेच गेली, सहा वर्षांची होती. आमच्या घरात तीन पिढ्या नुसते मुलगेच झाले. मी जन्मले आणि पणजोबा म्हणाले, आता मिंडल परत आली. तर नाव ठेवलं आणि मी पडले आजारी. तीन आठवडे काचेच्या पेटीत. मग त्यांनी पुढे खाया जोडलं, म्हणजे जीवन. मिंडल खाया. तेव्हा कुठे बरी झाले."

"कधीचं हे?"

"सत्त्याण्णव. मार्च."

आता ऐका. या लोकांत बाळाला नाव देतात ते गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं कधी नाही. मृत्यूचा दूत नाव विचारत येतो, आणि एका नावाची दोघं जिवंत असली तर चुकून भलत्यालाच उचलतो, असं ते मानतात. लाइबिशनं बहीण मेली असं समजून नाव दिलं. त्या मार्चमध्ये दूत तीन आठवडे इथून तिथे आणि तिथून इथे घिरट्या घालत होता, आणि त्याला काही केल्या उमगत नव्हतं. हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं, लाइबिशला नव्हतं, आत बसलेलीला नव्हतं. मला एकटीला कळलं, आणि मला तोंड नाही.

"आणि जंगलात नावं तू वाचणार?" ओडेलियानं विचारलं.

"आमच्या घरची. पणजोबा नव्वदचे आहेत, त्यांना डॉक्टरांनी सोडलं नाही. म्हणाले, बहात्तर वर्षं मी तिच्यासाठी दर साल मेणबत्ती लावतोय. तू मोठ्यानं वाच, झाडांना ऐकू जाऊ दे." तिनं कागद उलगडला. "हेर्श. खावा-लेआ. मिंडल."

"बाई ग! स्वतःचंच नाव मेलेल्यांत? अंगावर काटा आला बघ माझ्या."

"माझ्या कधीचा येतोय," मिंडल म्हणाली.

म्हणजे आणखी अर्ध्या तासात, चार घरं आणि एका शेतापलीकडे, जिवंत बाईचं नाव मेलेल्यांत वाचलं जाणार होतं, आणि वाचणारी तिच्याच नावाची. तो दूत ऐकत असेलच की! त्यानं तरी किती वेळा गोंधळायचं? मला भीती वाटली. आतलीसाठी वाटली, या पोरीसाठी जास्त वाटली.

ओडेलिया चौकाकडे पळाली. मिंडल पुढे आली. तिनं माझ्या खांबावर हात फिरवला, खचलेली जागा शोधली आणि करंगळी टेकवली. दुसरं बोट नाही, करंगळी. अँटवर्पला त्यांच्या घरात सगळे अशीच टेकवतात. का, ते कुणालाच माहीत नाही, असं तिनं पुढे सांगितलं. तिच्या बोटाखाली सत्तर वर्षांपूर्वी भरलेली लांबी सुटली आणि पायरीवर पडली. खाच उघडी झाली. आतून गार हवेची एक झुळूक आली आणि तिच्याबरोबर एक पीस. मिंडल मागे सरकली.

"आत कुणीतरी आहे," ती पुटपुटली. "कुणीतरी श्वास धरून बसलंय."

"झालं ना बघून?" बोझेना पोलिशमध्ये म्हणाली आणि दार ढकललं. दार लागेना. तिनं खांदा लावला, तरी वीतभर फट राहिलीच. ऑक्टोबरात लाकूड फुगतं, सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण एवढं मी जन्मात कधी फुगले नव्हते.

चौकात हजेरी सुरू झाली.

"ओडेलिया!"

"आहे!"

"याएल!"

"आहे!"

"मिंडल!"

पायरीवरची पोर माझ्या उघड्या खाचेकडे बघत होती. तिनं ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"मिंडल!"

आत सुरी जमिनीवर पडली.

"मिंडल! कुठे आहेस ग?" सर आता काळजीनं ओरडले.

"इथं आहे!"

हे पोर बोलली नव्हती. दारामागून आवाज आला होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या घशातून, सहा वर्षांच्या मुलीच्या बोलीत. ज्यूंच्या त्या जुन्या बोलीतले दोनच शब्द. पोरीला ते कळले, तिचे पणजोबा घरी तीच बोली बोलतात. तिच्या हातातला कागद गळून पडला.

फटीतून आधी ओला हात आला, बटाट्याचं साल चिकटलेला. मग गेनिया.

"आई, हे काय? कुणाला ओ दिलीस? कोण मिंडल?" बोझेना तिचा दंड धरून विचारत होती.

"सोड मला, बोझेना. मला आत्ता ओ देऊ दे." मग तिनं बाहेर येऊन खाचेला करंगळी टेकवली. भर दुपारी, लेकीदेखत.

पोरीनं तिची करंगळी पाहिली, मग स्वतःची. ती जोरात किंचाळली. चौकातून सर धावत आले, ओडेलिया आली, सगळी बस आली. कुणाला काही कळेना. मिंडल रडत, हसत सगळ्यांना ढकलत होती. "फोन! माझा फोन कुठाय? पणजोबांना लावा!"

अँटवर्पला लाइबिश बिछान्यात बसून जंगलातल्या प्रार्थनेची वाट बघत होता. पोरीनं काय सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. मग तिनं फोन आवाज मोठा करून गेनियाच्या हातात दिला. बहिणीला बोलीतले ते दोन शब्द सोडून काही येत नव्हतं. भाऊ लहानपणीच्या पोलिशमध्ये बोलला. 

तो रडला नाही.  मग त्यानं विचारलं, "मी आलो होतो. शेहेचाळीस साली. तेव्हा तू कुठे होतीस?"

"चुलीमागे."

"ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मी हाक मारली, ती पण?"

"ती पण."

"मग बोलली का नाहीस, मिंडल?"

गेनियानं फोन दोन्ही हातांनी धरला. बोझेना तिच्यामागे भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"नको म्हणून सांगितलं होतं," गेनिया म्हणाली. "दादा, मी त्या दिवसापासून रोज ओ देते. तोंड मिटून."

तेव्हा पलीकडे म्हातारा रडायला लागला. आणि रडता रडताच त्याला दुसरी भीती सुचली. "अरे देवा, जिवंत बहिणीचं नाव मी पोरीला दिलं! मीच त्या दूताला तिच्या दारात नेऊन उभा केला!"

रूव्हेन सरांनी हे भाषांतर करून सांगितलं तशी पोर त्यांच्यामार्फतच गेनियाला म्हणाली, "मग नाव परत देऊ का तुम्हाला? माझ्याकडे खाया आहे."

गेनियानं तिच्या गालाला ओला हात लावला. "राहू दे बाळ. मी ते सहाच वर्षं वापरलंय. तू पुरं वापर. मला ओ देण्यापुरतं पुरे."

जंगलात त्या दिवशी बारा वाजता कुणीच पोचलं नाही. एक वाजला. गेनिया एप्रन घालूनच बसमध्ये चढली, जन्मात पहिल्यांदा त्या रस्त्यानं गेली. बोझेना दाराला कुलूप न लावता मागून धावली. नंतर तीच शेजारणीला माझ्यापाशी उभी राहून सांगत होती, आईनं स्वतःच वाचलं, हेर्श आणि खावा-लेआ, आणि कागदावरच्या तिसऱ्या नावावर पोरीनं हात ठेवला होता.

त्यानंतर भाऊ-बहीण रोज फोनवर भांडायचे, कोण अधिक म्हातारं झालंय यावरून. भेट झाली नाही. फेब्रुवारीत तो गेला. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती गेली. दूत आला तो सरळ याच दारात आला, आणि अँटवर्पला त्या आठवड्यात कुणाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. त्यानंतर घरात पीस आलेलं नाही. बोझेना दार उघडते आणि खाली बघत थांबते, पण येत नाही.

माझं आता भरत आलंय. उंबऱ्यापाशी कीड लागली आहे. सोमवारी माणसं येणार आहेत, पांढरं प्लॅस्टिकचं दार बसवायला. बोझेना म्हणते, खाचेचा तुकडा कापून अँटवर्पला पाठवीन. पाठवो. उरलेली चुलीत गेले तरी माझी तक्रार नाही, पाइनचं लाकूड बरं जळतं.

फक्त बसमधून उतरणाऱ्या पोरांनो, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. जुन्या दारांपाशी आलात की नुसतं बोट फिरवून फोटो काढू नका. ज्यांची नावं कागदावर आणलीत त्यांना मोठ्यानं हाक मारा, एकदा नाही, तीनदा मारा. आणि मग लगेच निघू नका. लाइबिश लवकर निघाला.

जरा थांबा, आतल्या माणसाला दारापर्यंत यायला वेळ लागतो.